सायकलस्वाराची बैठक

मावळांत कामशेतच्या दक्षिणेस बेडसें नांवाचें लहानसें खेडें आहे. गांवामागच्या डोंगरांत, सुमारें चारशें पायऱ्या चढून गेल्यावर, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत कोरलेलीं बौद्ध लेणीं लागतात. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती आणि बैल असून त्यांवर स्त्रीपुरुषांचीं जोडपीं आरूढ झालेलीं आहेत. दोन हजार वर्षें तीं तशींच बसलीं आहेत, आणि अवघडल्याचें कसलेंही चिन्ह त्यांच्या ठिकाणीं दिसत नाहीं. रविवारीं सकाळीं पुण्याहून सायकलनें तेथवर येणाऱ्या मंडळींची गोष्ट वेगळी. त्यांस त्या चारशें पायऱ्या सुखाच्या वाटतात. खालीं उतरून पुन्हां सीटवर बसणें मात्र जिवावर येतें.

पुण्याहून जाऊन येऊन हें अंतर शंभर किलोमीटरांहून कांहींसें अधिक भरतें. द्रुतगति मार्गावर सायकलीस मज्जाव असल्यामुळें जुन्या मुंबई रस्त्यानेंच देहूरोड, तळेगांव, वडगांव करीत कामशेत गांठावें लागतें. सामान्य वेगाच्या स्वारास एवढ्या प्रवासांत पांचसहा तास सीटवर काढावे लागतात. हौसेनें नवी सायकल घेतलेले पुष्कळ लोक दोनचार फेऱ्यांनंतर ती जिन्याखालीं ठेवून देतात. त्याचें कारण बहुधा पाय थकले किंवा दम पुरला नाहीं हें नसतें. बूड दुखतें म्हणून सायकल सुटते. आणि ही गोष्ट बोलावयाची कशी, या संकोचानें कोणी कोणास विचारीत नाहीं. स्त्रियांच्या बाबतींत तर हा संकोच दुप्पट, आणि बाजारांतील सीटा बहुतेक पुरुषांच्या मापानें घडविलेल्या! त्यामुळें साध्या उपायानें टळणारें दुखणें वर्षानुवर्षें अंगावर काढलें जातें.

मनुष्य बसतो तेव्हां त्याचा भार कंबरेच्या हाडाच्या खालच्या दोन उंचवट्यांवर पडतो. शरीरशास्त्रांत या हाडांस आसनास्थि म्हणतात. कठीण बाकावर बसून हात खालीं घातला असतां तीं सहज जाणवतात. भार सोसण्यासाठींच निसर्गानें त्यांची योजना केली आहे. त्या दोहोंच्या मधली जागा मात्र मऊ असून तिच्यांतून नाजूक नसा आणि रक्तवाहिन्या गेलेल्या आहेत. भार हाडांवर राहिला तर थोडें दुखून तें बरें होतें; मधल्या भागावर आला तर मुंग्या येतात, आणि पुढें तो भाग बधिर होतो. दुखणें संवयीनें कमी होतें, पण बधिरपणा हा संवयीचा विषय नव्हे. तो येतांच उतरून बसण्याची रीत बदलली पाहिजे.

आतां, जुनी काळी सायकल चालविणारा दूधवाला किंवा पोस्टमन अशी तक्रार फारशी कां करीत नसे? तो ताठ बसे, त्याची सीट रुंद आणि स्प्रिंगांची असे, आणि त्याचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असे. वळलेल्या हँडलाच्या सायकलीवर स्वार पुढें वांकतो. त्याचा भार सीट, हात आणि पाय या तिघांत वांटला जातो. अशा बैठकीस अरुंद सीटच योग्य, कारण रुंद सीट मांड्यांस घांसते. तेव्हां एका सायकलीची सीट काढून दुसरीस लावण्यांत शहाणपणा नाहीं.

सीट किती रुंद असावी हें घरच्या घरीं ठरवितां येतें. खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा कठीण स्टुलावर ठेवावा, पाय किंचित् उंच टेकवून त्यावर बसावें, आणि सायकलीवर वांकतों तितकें पुढें वांकून क्षणभर थांबावें. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. त्यांच्या मध्यांतील अंतर बहुतेकांचें १० ते १५ सेंटिमीटरांच्या आंत असतें. सीटची रुंदी त्याहून दोनतीन सेंटिमीटर अधिक असावी. स्त्रियांत हें अंतर सरासरीनें जास्त भरतें. परंतु धिप्पाड पुरुषाचें अंतर कमी आणि सडपातळ स्त्रीचें जास्त, असेंही आढळतें. म्हणून अंदाजावर न जातां मोजावें हें बरें.

दुकानांत गेलेला दुखावलेला स्वार हटकून सर्वांत मऊ सीट मागतो, किंवा असलेल्या सीटवर जाड जेलचें कव्हर चढवितो. पहिले चार किलोमीटर स्वर्गसुख वाटतें. पुढें हाडें त्या मऊपणांत रुततात, आणि मधला दाबला न गेलेला भाग वर येऊन नेमका नाजूक जागीं टोंचूं लागतो. सोफ्यावर घटकाभर सुख वाटतें, पण दिवसभराच्या लिखाणाच्या कामास कोणी सोफा घेत नाहीं. लांबच्या प्रवासास बेताची कठीण, योग्य रुंदीची, मध्यें खोबण किंवा भोंक असलेली सीट बहुतेकांस मानवते.

चामड्याच्या सीटची कथा याच संदर्भांत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें जॉन बौल्टबी ब्रूक्स यानें खोगिरें आणि चामडी सामानाचा धंदा काढला होता, आणि १८८२ सालीं त्यानें सायकलच्या सीटचें पेटंट घेतलें. तिच्यांत जाड कातडें दोन टोकांच्या मध्यें झोळीप्रमाणें ताणलेलें असतें. आरंभीं ती लांकडासारखी कठीण. पण शेंकडों किलोमीटर वापरल्यावर हाडांच्या जागीं तिला खळगे पडतात आणि ती त्या एका धन्याचीच होते. उसनी देण्याची ही वस्तु नव्हे.

परंतु उत्तम सीटही चुकीच्या जागीं बसविली तर छळते. आधीं उंची पाहावी. पेडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच टेकली कीं गुडघा जेमतेम सरळ व्हावा; मग चवड्यानें पेडल मारतांना गुडघ्यांत किंचित् बांक राहतो. फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत तीनदां जिंकणारा अमेरिकन ग्रेग लेमाँड यानें एक गणित लोकप्रिय केलें: जांघेपासून तळव्यापर्यंतचें माप ०.८८३ नें गुणावें, आणि पेडलांच्या मधल्या आंसापासून सीटच्या पाठीपर्यंत तितकें अंतर ठेवावें. माप ८० सेंटिमीटर असेल तर सीट सुमारें ७०.६ सेंटिमीटरांवर येते. सीट फार उंच असली तर कंबर डावीउजवीकडे झुलते आणि कातडी सोलते. फार खालीं असली तर पायांवर येणारा भारही सीटवरच पडतो.

दुसरी गोष्ट कल. गवंड्याची पाणसळ सीटवर ठेवून ती सपाट करून घ्यावी. नाक वर राहिलें तर मधल्या भागावर दाब. फार खालीं गेलें तर स्वार पुढें घसरत राहतो आणि सारा भार मनगटांवर येतो. बदल करावयाचा तो अंशाअंशानें, आणि एका वेळीं एकच. हँडल फार लांब असल्यामुळेंही मनुष्य सीटच्या नाकावर सरकतो, आणि दोष मात्र सीटला देतो.

बधिरपणाचा प्रश्न अमेरिकेंत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या बाबतींत तपासला गेला. नाक नसलेल्या सीटा त्यांस सहा महिने वापरावयास दिल्या असतां बहुतेकांचा बधिरपणा गेला, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. शर्यतीच्या सायकलीवर तोल सांभाळण्यास नाक उपयोगी पडतें; तरी तक्रार हटत नसेल तर आंखूड नाकाची सीट अवश्य पाहावी, आणि डॉक्टरांस सांगण्यास लाजूं नये.

पोशाखाविषयीं थोडें. अस्तराची घट्ट चड्डी घालावी ती अंगालगत; तिच्या आंत दुसरें वस्त्र घातलें कीं त्याची शिवण घांसते. पूर्वीं हें अस्तर खऱ्या कातड्याचें असे आणि धुतल्यावर वाळून कडक होई, म्हणून त्यास मलम चोळीत. आतां तें कृत्रिम कापडाचें असतें, पण घर्षण कमी करण्यास मलमाचा उपयोग आजही होतो.

टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरांचे घेऊन हवा थोडी कमी ठेवली तर खडबडीत रस्त्याचे निम्मे धक्के सीटपर्यंत पोंचतच नाहींत, असा पुष्कळांचा अनुभव आहे. गतिरोधक दिसतांच पेडलांवर उभें राहावें, आणि रस्ता गुळगुळीत असला तरी दर दहापंधरा मिनिटांनीं उठून रक्त खेळूं द्यावें.

१९२३ सालीं मुंबईहून सायकलींवर जगप्रवासास निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं सुमारें ४४,००० मैल पुरे करून परतले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या आंत संपविली. असल्या प्रवासांत कातडीची निगा ही पायांच्या शक्तीइतकीच मोलाची ठरते.

मावळचा पाऊस ही आणखी एक अडचण. चिखलाचे शिंतोडे आणि बारीक रेती ओल्या चड्डींत शिरली कीं तासाभरांत कातडी सोलवटते. मागचा मडगार्ड म्हणून पावसांत काढूं नये. चामड्याच्या सीटवर प्लॅस्टिकची टोपी चढवावी, आणि ती भिजलीच तर उन्हांत किंवा विस्तवापाशीं न ठेवतां सावलींत वाळवावी. घरीं पोंचतांच चड्डी उतरून अंग साबणानें धुवावें. कातडीवर फोड उठलाच असेल तर तो बरा होईपर्यंत सायकल भिंतीशीं उभी ठेवावी. पुढच्या रविवारीं ज्यास बेडशास जावयाचें त्यानें लोकलनें कामशेतपर्यंत जावें. लेणीं पूर्वाभिमुख आहेत, सकाळच्या उन्हांत ते घोडेस्वार फार चांगले दिसतात.