नावाचा भाडेपट्टा
(मिल्टन येथील मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर)



आजच्या विषयाचे शिक्षण मला कोणत्याही शाळेत मिळालेले नाही. माझे आयुष्य रुग्णालयाच्या वॉर्डांत गेले आणि नर्सिंगचा डिप्लोमा एवढीच माझी विद्या. इंटरनेटवरील नावांचा व्यापार मला एका नुकसानीने शिकवला. ती हकिगत आधी सांगते.

माझ्या यजमानांनी आमच्या आडनावाचे एक संकेतस्थळ उभे केले होते. कोकणातल्या घराची छायाचित्रे, जुन्या थडग्यांवरील लेखांच्या नकला, आजी-मावश्यांनी सांगितलेल्या पाककृती असा अनेक वर्षांचा संग्रह तेथे होता. मुंबई, इस्रायल आणि कॅनडा अशा तीन ठिकाणी विखुरलेले आमचे घराणे त्या एका पत्त्यावर भेटत असे. यजमान निवर्तले. नोंदणीच्या नूतनीकरणाची पत्रे त्यांच्या ईमेलवर येत राहिली. ती पेटी उघडणारे कोणी उरले नव्हते. पुढे एके दिवशी इस्रायलहून नणंदेच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, “मामी, आपल्या नावावर जुगाराच्या जाहिराती कशा दिसतात?”

मला ती उघड चोरी वाटली. माझ्या भाच्याने मला समजावून सांगितले की ती चोरी नव्हती.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने नाव दिले असता आकडा शोधून देणारी पद्धत आखली. त्या नावालाच डोमेन नाव म्हणतात. ते सातबाऱ्यावर चढत नाही, त्याचा फक्त भाडेपट्टा मिळतो. ‘डॉट कॉम’चा हा पट्टा एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो. मुदत संपल्यावर नोंदणी कंपनी साधारणपणे काही आठवड्यांची सवलत देते. त्यानंतर तीस दिवस जबर शुल्क भरून नाव सोडवून घेता येते. मग पाच दिवस ते गोठवले जाते आणि सहाव्या दिवशी जगातल्या कोणासाठीही मोकळे होते. आमचे सारे दिवस आमच्या नकळत निघून गेले. छायाचित्रे यजमानांच्या संगणकात सुरक्षित होती. घर शाबूत राहिले आणि पत्ता गेला.

अशी मोकळी होणारी नावे टिपणे हा एक मोठा व्यवसाय आहे, आणि त्यातला एक नामांकित माणूस आपल्या या कॅनडातच घडला. त्याचे नाव केव्हिन हॅम. आईवडील कोरियातून आलेले. वडील कपडे धुण्याची दुकाने चालवीत आणि आई नर्स होती, रात्रपाळी करणारी. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटावे तसा संगणक मिटला. रात्रपाळी करून मुले वाढवणे म्हणजे काय, हे या सभागृहातल्या किती जणींना सांगावे लागेल?

हा मुलगा पूर्व व्हॅंकूवरमध्ये वाढला. चौदाव्या वर्षी जडलेल्या मोठ्या आजारपणातून त्याने डॉक्टर होण्याचे मनात घेतले, आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून तो डॉक्टर झालाही. पण सन २००० च्या सुमारास त्याला डोमेन नावांचा नाद लागला. मुदत संपलेल्या नावांच्या याद्या तो चाळी, आणि नाव मोकळे होण्याच्या नेमक्या क्षणी आपल्या संगणकाकडून मागणी टाकी. लोक शोधयंत्रात न जाता सरळ एखादा साधा शब्द टाइप करतात, ही त्याची समज होती. त्या शब्दाच्या पत्त्यावर जाहिराती लावल्या की प्रत्येक टिचकीमागे पैसे मिळत. त्याने वैद्यकी सोडली. २००७ साली ‘बिझनेस २.०’ या अमेरिकी मासिकाने त्याच्यावर लेख छापला. त्यात त्याच्याजवळची नावे सुमारे तीन लाख आणि वर्षाचे उत्पन्न अंदाजे सात कोटी डॉलर दिले आहे.

त्याच्या कष्टांचे आणि हुशारीचे मला कौतुक वाटते. तरी एक गोष्ट एक नर्स म्हणून मला बोलल्यावाचून राहवत नाही. ‘डॉट सीएम’ हे आफ्रिकेतील कॅमेरून देशाचे अक्षरचिन्ह. घाईत ‘कॉम’मधला ‘ओ’ राहिला की माणूस कॅमेरूनच्या दारात जातो. २००६ साली हॅमच्या व्यवस्थेने तेथे नोंद नसलेल्या सर्व नावांची वर्दळ जाहिरातींच्या पानाकडे वळवली. आम्ही वॉर्डात औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या मनगटावरचे नाव वाचत असू, मग जन्मतारीख विचारत असू. एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारी असले तर फाइलीवर लाल खूण करीत असू. एका अक्षराची चूक म्हणजे आमच्या काळजाचा ठोका चुके. आणि येथे एका अक्षराची चूक हेच उत्पन्न! कायद्याच्या दृष्टीने त्यात काय बसते याचा निर्णय मी करणार नाही. मात्र चुकणाऱ्याला वाट दाखवणे आणि चुकणाऱ्याकडून मिळकत करणे यांतला भेद आपल्या मुलांना समजावा, असे मला मनापासून वाटते.

याच व्यापाराची दुसरी वाट आपल्या मुंबईतून निघाली. भाविन आणि दिव्यांक तुराखिया हे दोघे भाऊ. १९९८ साली, विशीही गाठलेली नसताना, वडिलांकडून पंचवीस हजार रुपये घेऊन त्यांनी ‘डायरेक्टी’ कंपनी काढली. नावे साठवून ठेवण्याऐवजी त्यांनी नावे नोंदवून देण्याची खिडकी उघडली. गावोगावच्या लहान व्यावसायिकांनी त्यांच्यामार्फत गिऱ्हाइकांची नावे नोंदवावीत, अशी ती घाऊक पेढी होती. २०१४ साली नोंदणीचा तो व्यवसाय एका अमेरिकी कंपनीने विकत घेतला. धाकटा दिव्यांक दुबईत जाऊन राहिला, आणि त्याची ‘मीडिया डॉट नेट’ ही जाहिरात कंपनी २०१६ साली सुमारे नव्वद कोटी डॉलरना चिनी गुंतवणूकदारांच्या गटाने घेतली. ‘डॉट ऑनलाइन’, ‘डॉट स्टोअर’ अशी नवी शेपटे चालवणारी ‘रॅडिक्स’ ही कंपनीही याच घरातली. अशा एका शेपटासाठी २०१२ साली नुसत्या अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते.

परदेशी गेलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना हा धंदा का मानवला असेल? मी या देशात आले तेव्हा माझा डिप्लोमा पुन्हा तपासला गेला, परीक्षा पुन्हा द्यावी लागली, उच्चारांवरून हसू सोसावे लागले. नावांच्या खिडकीवर यातले काहीच नसते. उच्चार कोणी ऐकत नाही, पदवी कोणी विचारत नाही. जो आधी येतो त्याला नाव मिळते. या नियमाने हॅमला दार उघडले आणि त्याच नियमाने माझ्या दारावर दुसऱ्याची पाटी लावली. म्हणून मी त्या नियमाला दोष देत नाही. मी गाफील राहिले, हे कबूल करते.

आपल्या समाजाला नाव आणि पत्ता यांचे नाते नवीन नाही. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे म्हणजे गावांचे पत्तेच. कोकण सुटले तरी आडनावातला पत्ता कोणी काढून घेतला नाही, कारण तो घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी होता. आमच्या संकेतस्थळाची किल्ली मात्र एकट्या यजमानांजवळ होती.

नव्या धन्याने ते नाव परत देण्यासाठी किंमत सांगितली. तेवढे डॉलर माझ्याजवळ होते, तरी मी दिले नाहीत. आम्ही ‘डॉट सीए’ हे कॅनडाचे शेपूट लावून नवे नाव घेतले. ते कॅनडाशी रीतसर संबंध असलेल्यालाच मिळते. नागरिक किंवा कायम रहिवासी असले तरी चालते. छायाचित्रे भाच्याने पुन्हा चढवली आहेत.

आपल्यापैकी कित्येकांची दुकाने, दवाखाने आणि कौटुंबिक पाने एखाद्या नावावर उभी आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर नाव कोणाच्या नावे नोंदले आहे आणि मुदत कधी संपते, ते पाहा. नूतनीकरणाची पत्रे दोन माणसांना पोहोचतील असा ईमेल द्या. आपोआप नूतनीकरण लावले असेल तर त्यामागच्या कार्डाची मुदत तपासा. शक्य असेल तर अनेक वर्षांचे शुल्क एकदम भरा. आणि परवलीचा शब्द मृत्युपत्राच्या कागदांबरोबर बंद पाकिटात ठेवा. शोकाच्या दिवसांत तो शोधण्याचे बळ कोणात नसते.

आमच्या नव्या नावाची मुदत पाच वर्षांची आहे. पत्रे माझ्या भाच्याला आणि त्याच्या मुलीला येतात. मुलगी सतरा वर्षांची आहे, आणि ती तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर स्वतः लिहून ठेवली आहे.