शर्यत नसलेली धाव



मी शाळेत होतो तेव्हा २६ जानेवारीच्या आगेमागे आमच्याकडे मैदानी स्पर्धा होत. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडत, कर्णा लागे, आणि पहिल्या तिघांना सरपंचांच्या हस्ते स्टीलच्या वाट्या मिळत. धावण्याच्या शर्यतीत मी शेवटचा येत असे; एकदा नव्हे, दरवर्षी. "आली, आली, मालगाडी आली!" म्हणून पोरे टाळ्या पिटीत. गुरुजी रागावत नसत, तेही हसत. सातवीत मी पोटदुखीचे निमित्त काढले आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे धावलो नाही. एस.टी. सुटताना दिसली तरी मी चालतच जाई.

पुढे मी प्राध्यापक झालो. एका वर्षी क्रीडादिनाची जबाबदारी माझ्याकडे आली. ३००० मीटरच्या शर्यतीत पहिले तिघे पोचले होते, बक्षीस समारंभाला उशीर होत होता, पाहुणे घड्याळाकडे पाहत होते. मी म्हटले, "चला, दोरी गुंडाळा, मैदान मोकळं करा." एक मुलगा अजून धावत होता. तो पोचला तेव्हा तेथे दोरी नव्हती आणि त्याच्याकडे पाहणारेही कोणी नव्हते. तो क्षणभर थांबला आणि मग आपल्या चपला शोधू लागला. मालगाडी म्हणून ज्याला हिणवले गेले, त्यानेच दुसऱ्याची अशी गत करावी, हे माझ्या त्या वेळी ध्यानातही आले नाही. ते आले फार उशिरा, आणि तेही लंडनमध्ये.

माझा धाकटा भाऊ तिकडे लंडनजवळ किंग्स्टनला नोकरीला आहे. २०२३ च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. आमच्या डॉक्टरांनी मला साखरेचे भय घालून रोज चालण्यास सांगितले होते आणि मी ते रोज उद्यावर ढकलीत होतो. शुक्रवारी रात्री भाऊ म्हणाला, "दादा, उद्या सकाळी बुशी पार्कमध्ये यायचं. पाच किलोमीटर. चाललास तरी चालेल."

मी विचारले, "प्रवेश फी किती?"

"काही नाही."

"आणि बक्षीस?"

"तेही नाही."

फी नाही आणि बक्षीस नाही, तर मग हा खटाटोप कशासाठी, हे पाहण्याच्या कुतूहलाने मी गेलो.

बुशी पार्क हे राजघराण्याच्या शिकारीचे जुने रान. आज ते सर्वांना खुले आहे. हरणांचे कळप अजून तेथे मोकळे चरतात, आणि मे महिन्यात चेस्टनटच्या झाडांना पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. सकाळचे नऊ वाजत आले होते. हजाराहून अधिक माणसे जमलेली. त्यांत सडपातळ पट्टीचे धावणारे होते, तशी माझ्यासारखी पोट सुटलेली माणसे होती, बाबागाडी ढकलणाऱ्या आया होत्या, सत्तरी ओलांडलेली जोडपी होती. याला तिकडे पार्करन म्हणतात. पार्क म्हणजे बाग, रन म्हणजे धाव. दर शनिवारी, तीच जागा, तेच अंतर.

त्याचा आरंभ फार साधा आहे. पॉल सिंटन-हेविट नावाचे एक गृहस्थ. जन्म त्या वेळच्या ऱ्होडेशियातला, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतला. वाढले दक्षिण आफ्रिकेत. नोकरीनिमित्त लंडनला आले. धावण्याचा नाद होता. पण २००४ साली पाय दुखावला आणि नोकरीही गेली. धावता येत नाही आणि धावणारे मित्र तर तुटायला नकोत, म्हणून त्यांनी ठरविले की, आपण घड्याळ धरायचे आणि मित्रांनी धावायचे; मग सर्वांनी मिळून कॉफी प्यायची. २ ऑक्टोबर २००४ रोजी, आपल्याकडे गांधीजयंती होती त्या दिवशी, बुशी पार्कमध्ये १३ जण धावले आणि ५ जणांनी व्यवस्था पाहिली. पुढच्या शनिवारी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याही शनिवारी. आज वीसाहून अधिक देशांत ही धाव चालते. पाया मात्र तोच आहे: धावणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही, आणि काम करणाऱ्याला पैसा द्यायचा नाही. खर्च भागतो तो देणग्या, अनुदाने आणि आश्रयदात्या संस्था यांच्यावर.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी जरा इकडे लक्ष द्यावे. शेकडो माणसांची वेळ नोंदवायची म्हणजे केवढी यंत्रसामग्री लागत असेल, असे आपणांस वाटेल. युक्ती आहे ती अशी. शेवटच्या रेषेवर एक जण घड्याळ घेऊन उभा राहतो. माणूस रेषा ओलांडतो तेव्हा तो कळ दाबतो. माणूस कोण, हे त्याने पाहायचेच नाही. तेथून माणसे दोरीच्या अरुंद वाटेने एकामागून एक पुढे जातात, आणि दुसरा जण प्रत्येकाच्या हाती क्रमांकाची चकती देतो. तिसरा जण चकतीचा क्रमांक आणि माणसाचे नाव यांची जोडी नोंदवितो. संध्याकाळी दोन याद्या शेजारी ठेवल्या की झाले: सतराव्या क्रमांकाची वेळ एका यादीत, सतरावा कोण ते दुसऱ्या यादीत. पहिल्या दिवसांत या चकत्या म्हणजे लोखंडी सामानाच्या दुकानातून आणलेले वॉशर होते, नटबोल्टाखाली घालतात ते. आता नावाऐवजी प्रत्येकाजवळ रेघारेघांची एक खूणचिठ्ठी असते, साबणाच्या वेष्टनावर असते तशी. साधन सुधारले, तत्त्व तेच आहे.

असो. मी निघालो. पहिले शंभर पावले धावलो, मग चालू लागलो. माणसे भराभर पुढे गेली. थोड्याच वेळात मला ती शाळेतली जुनी भीती वाटू लागली. मागे वळून पाहिले तर एक पांढऱ्या केसांच्या बाई शांतपणे चालत होत्या. अंगात भडक रंगाचे बिनबाह्यांचे जाकीट. मला वाटले, चला, कोणीतरी आपल्या मागे आहे. मी थांबून म्हटले, "तुम्ही पुढं व्हा, मी फार सावकाश चालतो."

त्या हसल्या. म्हणाल्या, "शेवटी पोचण्याचं काम आज माझ्याकडं आहे. ते तुम्हाला घेता यायचं नाही."

हे काय प्रकरण ते त्यांनी मला चालता चालता सांगितले. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक शनिवारी, एका स्वयंसेवकाने सर्वांच्या मागून चालायचे असते. तो पोचल्याखेरीज घड्याळ बंद होत नाही आणि दोरी निघत नाही. शेवटचा क्रमांक त्याचा ठरलेलाच, म्हणून दुसऱ्या कोणावर शेवटचा होण्याची पाळी येत नाही. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मला माझ्या गावाविषयी विचारले, पावसाविषयी विचारले; माझी चाल किती मंद आहे याविषयी एक अक्षर काढले नाही.

मी पोचलो तेव्हा ५३ मिनिटे झाली होती. रेषेवरची माणसे टाळ्या वाजवीत होती. टाळ्यांचा आवाज ऐकून माझ्या अंगावर क्षणभर काटाच आला. पण या टाळ्या वेगळ्या होत्या. माझ्या हाती चकती पडली, नाव नोंदले गेले, आणि मला एकदम तो मुलगा आठवला, चपला शोधणारा.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो. ५१ मिनिटे. संध्याकाळी निकाल आला, त्यात लिहिले होते की ही तुमची आजवरची सर्वोत्तम वेळ. माझ्यापुढे हजार माणसे होती; पण माझी तुलना गेल्या शनिवारच्या माझ्याशी केलेली होती. घड्याळ तेच, ते कशासाठी धरले, यावर सारे अवलंबून असते.

या उपक्रमातील एक आकडा मला फार बोलका वाटतो. सुरुवातीच्या काळात धावणाऱ्यांना सरासरी २२ मिनिटांच्या आसपास वेळ लागे. २०१८ च्या सुमारास ती सरासरी ३२ मिनिटांच्या पुढे गेली. कोणी म्हणेल, हा तर ऱ्हास झाला! पण चपळ माणसे मंदावली नव्हती. जी माणसे एरवी घराबाहेर पडली नसती, ती आता येऊ लागली होती. सरासरी बिघडली हेच तेथे यश मानले गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत तर त्यांनी वेगाच्या विक्रमांच्या याद्याही आपल्या निकालपत्रांतून काढून टाकल्या. त्यावरून पुष्कळ धावपटू रुष्ट झाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. वेगालाही मान हवा. पण वेगाला मान देणारी मैदाने जगात पुष्कळ आहेत.

हे सारे सुरळीत चालते असेही समजू नका. ब्रिस्टल शहराजवळ स्टोक गिफर्ड म्हणून गाव आहे. तेथे दर शनिवारी सुमारे तीनशे लोक बागेत धावत. २०१६ च्या एप्रिलमध्ये तेथील पंचायतीने सहाविरुद्ध चार मतांनी ठरविले की, एवढ्या माणसांनी वाट झिजते, तेव्हा धावण्याचे पैसे भरावेत. पंचायतीचा हिशेब खोटा नव्हता. वाट दुरुस्त करायची ती गावच्या करातूनच. पण पार्करनवाल्यांनी पैसे घेण्यास नकार दिला आणि तेथील धाव बंद केली. एका पौंडाने काय बिघडले असते? बिघडले असते ते हे की, दाराशी पैसे मोजायचे म्हटले की, ज्याला यायची सर्वांत अधिक गरज आहे तोच पहिला मागे फिरतो. तीन मुले घेऊन येणारी आई पैशाचा हिशेब आधी करते, धावण्याचा मागाहून.

आता आपल्याकडे पाहू. "दिवसभर रानात राबणाऱ्याला आणखी कशाला धावायला लावता?" असे कोणी विचारील, तर त्याचे बरोबर आहे, ज्याचे अंग कामानेच मोडून येते, त्याला विश्रांती हवी. पण गावात आता सर्वच जण रानात राबत नाहीत. खुर्चीवर बसणारे आम्ही शिक्षक आहोत, दुकानदार आहेत, मोबाइलवर वाकलेली पोरे आहेत. धावणारी मुले आहेत, नाही असे नाही. पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. भरती झाली, किंवा वय उलटले, की धावणे संपले. परीक्षेसाठी वाचलेले पुस्तक परीक्षेनंतर कोणी उघडीत नाही, तशातली गत.

पण एकमेकांच्या पायाने चालणे आपल्याला परके नाही. पंढरीच्या वाटेवर पहिला कोण पोचला हे कोणी विचारीत नाही, आणि मागे राहिलेल्या म्हातारीसाठी कोणीतरी थांबतेच.

म्हणून शिक्षकांना माझी एक सूचना आहे. शनिवारी आपली सकाळची शाळा असते. शाळेपासून एक किलोमीटर अंतर टेपने मोजा, जेथे वाहनांची वर्दळ नाही अशा वाटेवर. जाऊन-येऊन दोन किलोमीटर. तिकडे चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एवढेच अंतर ठेवलेले असते. ऊन चढण्यापूर्वी निघा. सक्ती करू नका; सक्ती केली की त्याची कवायत होते. पुठ्ठ्याच्या चकत्या मुलेच कापतील. घड्याळ एकाकडे, चकत्या दुसऱ्याकडे, वही तिसऱ्याकडे, आणि ही कामे दर आठवड्याला फिरती ठेवा, म्हणजे ज्याला धावता येत नाही त्यालाही मैदानावर मानाची जागा मिळेल. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोनच रकाने: गेल्या वेळची वेळ आणि आजची वेळ. क्रमांक मोठ्याने वाचू नका. आणि सर्वांच्या मागून एकाने चालायचे. पहिल्या शनिवारी ते काम गुरुजींनी किंवा बाईंनी स्वतः करावे. मुख्याध्यापकांनी केले तर फारच उत्तम.

वार्षिक स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही. पहिल्या येणाऱ्याला वाटी जरूर द्या. पण वर्षातून एक दिवस तीन मुलांसाठी असेल, तर बाकीचे शनिवार उरलेल्या सर्वांसाठी असू द्या.

मी परत आल्यावर आमच्या मैदानावर शनिवारी सकाळी दहा-बारा जण जमू लागलो. कधी पाचच असतो. पावसाळ्यात खंड पडतो. माझी वेळ आता ४४ मिनिटांवर आली आहे. पण बहुतेक शनिवारी मी वेळ पाहत नाही. मी मागून चालतो. दोरी गुंडाळण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे, आणि शेवटचा माणूस आत आल्याशिवाय मी तिला हात लावीत नाही. तो मुलगा आज कोठे असेल मला ठाऊक नाही. हे भाषण त्याच्या कानी पडले, तर त्याने एखाद्या शनिवारी यावे. दोरी लावलेलीच असेल.