झरणी आणि तिची शाई

दौत आणि टाक यांचे राज्य सरून झरणी, म्हणजेच फाउंटन पेन, लोकांच्या खिशात आली. परंतु तिच्या पोटातील व्यवहार आजही थोड्यांनाच ठाऊक असतो. या अज्ञानाचे प्रायश्चित्त नेमके परीक्षेच्या दिवशी घ्यावे लागते. बोरीवलीहून गर्दीच्या लोकलने निघालेला विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर पहिली ओळ लिहितो, आणि टपकन शाईचा थेंब कागदावर पडतो. दोष झरणीच्या माथी मारला जातो. खरे कारण बहुधा निराळे असते.

झरणीतील शाई केवळ वजनाने वाहत नाही. निबला मधोमध चीर असते व त्याखालच्या जिभेवर अरुंद खाचा असतात. दिव्याच्या वातीत तेल ज्या केशाकर्षणाने चढते, त्याच केशाकर्षणाने शाई निबच्या टोकाशी येते आणि कागदाचे तंतू तिला ओढून घेतात. जितकी शाई बाहेर जाईल, तितकी हवा आत शिरली पाहिजे. अमेरिकेत लुईस वॉटरमन याने १८८४ साली पेटंट मिळविले, ते याच देवघेवीला शिस्त लावणाऱ्या रचनेचे.

आता त्या थेंबाचा उलगडा होतो. टाकीत शाई थोडी आणि हवा पुष्कळ असली, की हाताच्या उबेने हवा फुगते व शाईला बाहेर ढकलते. ड्रॉपरने भरावयाच्या झरणीत हे विशेष घडते. म्हणून परीक्षेस निघताना टाकी पूर्ण भरावी आणि प्रवासात निब वरच्या बाजूस ठेवावे.

शाई बदलताना तर अधिकच सावधगिरी हवी. लोहयुक्त निळी-काळी शाई आणि दुसऱ्या जातीची शाई एकत्र आल्यास साका धरून खाचा बुजण्याचा संभव असतो. यासाठी जुनी शाई काढून टाकावी आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत झरणी धुवावी. पाणी साधे असावे. कढत पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो. चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई झरणीत कधीही घालू नये. ती वाळली, की सहसा निघत नाही.

शाईशी मुंबईच्या उपनगराचेही नाते आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी बंधू गोविंद यांच्यासह १९३१ साली मुंबईत शाईची पूड व वड्या करण्याचा धंदा आरंभिला. पुढे त्यांची ‘कॅमल’ शाई घरोघरी पोहोचली आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ या दोन शब्दांतून ‘कॅमलिन’ हे नाव घडले. अंधेरीत या संस्थेचा कारभार दीर्घकाळ चालला. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा भाग घेतला.

शाई संपली म्हणजे बॉलपेन बहुधा फेकून दिले जाते. झरणी मात्र धुऊन, भरून पुन्हा कामास लागते. वडिलांनी वापरलेली झरणी मुलाच्या परीक्षेस उपयोगी पडावी, यासाठी महिन्यातून एकदा दिलेले वाटीभर पाणी पुरेसे आहे.