पंचांचा शब्द आणि कचेरीचा कागद

तारापूरच्या एका कारखान्यात डहाणू तालुक्यातला वारली कामगार दगावला. १९२३ च्या कायद्याने भरपाई मागायला त्याची बायको गेली, तर लग्नाचा दाखला हवा! दीरही म्हणू लागला, ही लग्नाची नव्हे. वारल्यांत पुष्कळदा आधी संसार मांडतात. ऐपत आली की धवलेरी लग्न लावते, कधी लेकरे मोठी झाल्यावर.

पाड्यावर पंच बसले. दंडाची दारू पिणारे पंच मी पाहिले आहेत. हे तसे नव्हते. ती त्याचीच बायको, असा निवाडा झाला, पण तोंडी. १९९६ च्या पेसा कायद्याने तंटे मिटवण्याची रूढ रीत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा निवाडा ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहविला. लग्न लावते बाई, पंचांत मात्र एकही बाई नव्हती. तेही मी सभेत बोललो. इतिवृत्ताचा उतारा जोडून अर्ज पुन्हा दिला.