कुलूप कशाचे, ग्वाही कशाची?



आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे विरार लोकलचा डबा आणि वालीव-गोखिवऱ्याचे कारखाने. तेव्हा असल्या विषयावर आम्ही बोलावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण आज कामगाराचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, रेल्वेचा पास, सारे मोबाईलवरून जाते-येते. ज्या वाटेने आमच्या घामाचा पैसा जातो ती वाट समजून घेणे हे आमचे कामच आहे.

१७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे नर्मदेपाशी असताना सावकारांचा एक जासूद त्यांना भेटला. ग्रँट डफने आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. जासुदाजवळचे पत्र फोडले, तर त्यात लढाईचे नाव नाही. मोती किती गेले, मोहरा किती हरवल्या, एवढाच हिशेब. पेशव्यांनी पानिपत ओळखले. या पत्राने आपण अजून हळहळतो. पण दुसरी गोष्टही पाहा: पत्र ज्याच्या नावचे नव्हते त्याने ते वाटेत उघडले, आणि भाषा सांकेतिक असूनही अर्थ त्याला उमगला.

इंटरनेटवरचा निरोपही असाच अनेक हातांतून जातो. बंदोबस्त नसेल तर ते उघडे पोस्टकार्डच. म्हणून नेटस्केप कंपनीने १९९५ साली ब्राऊझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक कुलूपबंद व्यवस्था आणली. तिचीच सुधारलेली पिढी म्हणजे आजची टी.एल.एस.; तिची १.३ ही आवृत्ती २०१८ ची आहे. ती तीन गोष्टी पाहते: मजकूर कोणी वाचू नये, वाटेत कोणी बदलू नये, आणि समोरचा तोच आहे ना याची ग्वाही मिळावी.

आता तुम्ही विचाराल, ज्यांची कधी भेट नाही त्यांनी किल्ली ठरवायची कशी? रस्त्यावर तर सारे ऐकत आहेत! डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. फळ्यावर पाहा. २ आणि ११ हे आकडे जगजाहीर. मोबाईलच्या मनातला गुप्त आकडा ३. त्याने तीन वेळा २ घेऊन गुणले, ८ आले, ते पाठवले. सर्व्हरचा गुप्त आकडा ४. चार वेळा २ गुणून १६, ११ ने भागून बाकी ५, ती पाठवली. मोबाईलने तीन वेळा ५ गुणले, १२५. ११ ने भागून बाकी ४. सर्व्हरने चार वेळा ८ गुणले, ४०९६. बाकी पुन्हा ४! दोघांकडे एकच किल्ली, आणि ती रस्त्यावरून गेलीच नाही. हे आकडे लहान, म्हणून तुम्ही-आम्ही ते फोडू. प्रत्यक्षातले आकडे इतके प्रचंड असतात की आजची यंत्रेही हात टेकतात.

पण किल्ली भामट्याशीच ठरवली तर? म्हणून सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर सही कोणाची आणि ती मानावी की नाही, हे ब्राऊझर आपल्याजवळच्या विश्वासाच्या यादीवरून ठरवतो. सारी भिस्त त्या सहीवर. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले, आणि ती रद्द करावी लागली. सही सरकारी असली तरी तपासणी हवीच.

आता आमच्या पदरची गोष्ट. एका कारखान्यात आमच्या एका सभासदाने युनियनची नवी यादी कंपनीच्याच संगणकावरून आम्हांला धाडली. पडद्यावर कुलूप होते. आठवड्यात यादीतल्या एकेकाला साहेबांचे बोलावणे आले. आम्ही फितूर शोधू लागलो आणि एका सज्जन सहकाऱ्यावर संशय घेतला. तो बिचारा युनियन सोडून गेला. पुढे एका जाणत्या पोराने सांगितले की, यंत्र मालकाचे असेल तर मालक त्यातल्या विश्वासाच्या यादीत आपलेच नाव घालू शकतो, आणि मग कुलूप दिसत असतानाही मध्येच पत्र उघडून पुन्हा बंद करू शकतो. तेव्हा तसेच घडले हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. पण फितुराशिवायही ते घडू शकते, एवढे ठाऊक असते तर एका माणसाची अब्रू वाचली असती. त्या अज्ञानाची किंमत त्याने भरली, आम्ही नव्हे.

दुसरा धडा. कुलूप रस्त्याची ग्वाही देते, घरातल्या माणसाची नव्हे. आज प्रमाणपत्र फुकटही मिळते, आणि ते चांगलेच झाले. पण भामटाही ते घेतो. म्हणूनच २०२३ मध्ये क्रोम ब्राऊझरने कुलपाचे ते चित्रच काढून टाकले. तेव्हा पासवर्ड भरण्यापूर्वी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. युनियनचे काम मालकाच्या यंत्रावर करू नका. आणि कोणावर आळ घेण्यापूर्वी यंत्र कसे चालते ते एकदा विचारा.