पान्याच्या जोडीला मोजयंत्र



भुसावळच्या घरांना यंत्रविद्या परकी नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळात येथील लोको शेडमध्ये फिटर, टर्नर, बॉयलरमेकर यांच्या पिढ्या घडल्या. १९९०च्या दशकात देशाच्या ब्रॉडगेज मार्गांवरून वाफेची इंजिने निवृत्त झाली. आज भुसावळात विद्युत इंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीचा कारखाना उभा आहे. धंदा टिकला, त्यातील विद्या मात्र पालटली.

हा पालट किती खोल आहे, ते एका उदाहरणावरून ध्यानी येईल. जुन्या विद्युत इंजिनातील मोटरला कार्बनचे ब्रश आणि कम्युटेटर असत. झिजलेला ब्रश कारागिराला डोळ्यांनी दिसे, बोटांनी कळे. १९९०च्या दशकात ए.बी.बी. कंपनीकडून थ्री-फेज इंजिनांचे तंत्रज्ञान भारतात आले व पुढे चित्तरंजनच्या कारखान्यात ती इंजिने बनू लागली. त्यांच्या मोटरींना ब्रशच नाहीत. वेगाचे नियमन इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर करतो आणि बिघाडाची वर्दी संगणकाच्या पडद्यावर उमटते. येथे नुसता पाना पुरत नाही. मोजयंत्र हाताळता आले पाहिजे, आकृती वाचता आली पाहिजे. दीपनगरच्या वीजकेंद्रातही नियंत्रणकक्षाचा कारभार असाच पडद्यावर चालतो.

मग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलाने कालचेच यंत्र का गिरवावे? कारखाना हाकेच्या अंतरावर असूनही शिक्षण जुने राहिले, तर तेथील काम परगावच्या मुलांकडे जाईल आणि घरचा मुलगा फाटकाबाहेर उभा राहील.

यासाठी आधी शिल्प निदेशकांनाच ठरावीक काळाने कारखान्यात पुन्हा विद्यार्थी व्हावे लागेल. यंत्रे विकत घेता येतात. शिकवणारा घडवावा लागतो. दुसरे, १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा लाभ प्रत्येक लहान उद्योगापर्यंत पोहोचावा. तिसरे, हाताने करून शिकण्याचा संस्कार शाळेतच व्हावा. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापून हाच मार्ग दाखविला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. भुसावळच्या शाळांना असे गुरू शोधावयास दूर जावे लागणार नाही. निवृत्त कारागीर गल्लोगल्ली आहेत.

चौथी गोष्ट मात्र सरकारच्या हाती नाही. ‘दहावीत कमी गुण पडले, म्हणून आय.टी.आय.’ हे वाक्य आपल्याच घरांत उच्चारले जाते. ते ऐकणारा मुलगा पहिल्या दिवशीच मान खाली घालून कार्यशाळेत शिरतो. दसऱ्याला हत्यारांना हळदकुंकू वाहणाऱ्या समाजाने ती हत्यारे चालविणाऱ्या हाताला कमी लेखावे, ही विसंगती होय.

अभ्यासक्रम शासन बदलील. ही दृष्टी घराने बदलावयाची आहे. तिचा आरंभ येत्या दसऱ्याची वाट न पाहता, आज घरी परतल्यावर मुलाशी होणाऱ्या बोलण्यातूनच व्हावा.