आधी छळ सिद्ध व्हावा लागतो



लग्नाला सात वर्षंही झालेली नाहीत,
आणि घरातल्या सुनेनं जीव दिला.
अशा वेळी, नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी तिला आत्महत्येस प्रवृत्त केलं,
असं न्यायालय गृहीत धरू शकतं.
ही तरतूद १९८३ साली आली.
नव्या साक्ष कायद्यातही ती आहे.

पण नीट ऐका.
न्यायालय तसं धरू शकतं. धरलंच पाहिजे, असं नाही.
त्याआधी छळ सिद्ध व्हावा लागतो.

“तिला सासरी त्रास होता,”
एवढी मोघम साक्ष पुरत नाही.
पैसे कुणी मागितले? कधी? कशासाठी?
शेवटच्या दिवसांत नेमकं काय घडलं?
भावाला रात्री आलेला मेसेज,
मार लागल्यावर दवाखान्यात निघालेला केसपेपर,
शेजारणीनं ऐकलेलं भांडण,
यांतून छळ सिद्ध होतो.

पुष्कळदा माहेरी सारं ठाऊक असतं.
तरी “जुळवून घे” म्हणत लेकीला परत धाडतात.
तक्रार होते ती लेक गेल्यावर.
हे फार जिवाला लागतं.

म्हणून पुन्हा सांगते, छळ सिद्ध व्हावा लागतो.
ते मेसेज, ते कागद जपून ठेवा.
आणि लेक बोलली, की तिला घरी आणा.
महिला हेल्पलाइनचा नंबर आहे १८१.
एक, आठ, एक.
आजच फोन करा.